पगारपत्रकाप्रमाणे इंग्रजी

दोन हजार आठ साली मी रोज अंबरनाथच्या बुवापाड्यातून निघून, दोन शेअर रिक्षा बदलून, उल्हासनगरच्या कॅम्प एकमध्ये जायचे आणि तिथे बसून अंबरनाथमधल्या लोकांना इंग्रजी शिकवायचे. ज्या कारखान्यातल्या लोकांना शिकवायचे, त्याची पाण्याची टाकी आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभं राहिलं की दिसते. चालत गेलं तर बारा मिनिटं. पण बाई चालत येऊन शिकवायला लागली की तिला शिकवणी म्हणतात, आणि तीच बाई इंटरनेटवरून बोलली की ते ऑनलाइन ट्रेनिंग होतं. ट्रेनिंगचा फोटो कंपनीच्या माहितीपत्रकात छापता येतो, शिकवणीचा येत नाही. आई म्हणायची, "अगं, मग इथूनच जरा मोठ्याने बोल ना, ऐकू जाईल त्यांना." आईला कॉम्प्युटरमधलं काही कळत नव्हतं, पण रिक्षात जाणारा माझा वेळ तिला कळत होता.

आमची अकॅडमी परसराम तेजवानी यांची. सगळे त्यांना परसूशेठ म्हणत. नाव 'ओव्हरसीज व्हॉइस', आणि जागा एका जीन्स शिवायच्या कारखान्याच्या डोक्यावर. प्लायवूडच्या सहा केबिन, प्रत्येकीत एक कॉम्प्युटर, एक हेडफोन आणि भिंतीवर लंडनच्या पुलाचं पोस्टर. खालच्या मशिनी दिवसभर घरघरत असायच्या आणि तो आवाज माइकमधून थेट विद्यार्थ्यांच्या कानात जायचा. कोणी विचारलंच तर 'सर्व्हरचा आवाज आहे' असं सांगायची आम्हाला सक्त सूचना होती. लोकांना ते पटायचं. सर्व्हर म्हणजे काहीतरी मोठं, घरघरणारं असणार, असं त्यांनाही वाटत असावं.

पहिल्या दिवशी परसूशेठने माझं एम.ए.चं सर्टिफिकेट उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, डिग्री तो बढिया आहे. लेकिन नाव... यशोधरा बोललं तर पब्लिकला वाटणार आपण पाली भाषा शिकवतो. आजपासून तुम्ही मिस सँड्रा."

"सँड्रा कुठची?"

"कुठली पण. ऑनलाइन में कौन पूछता है?"

मला राग आला. घरी येऊन आईशी कारण नसताना भांडले. पण खोटं कशाला बोलू, सँड्रा झाल्यावर माझा आवाज सुधारला. यशोधरा कॉलेजात शेवटच्या बाकावर बसायची, कारण पुढच्या बाकावरच्या मुली तिच्या उच्चारांना हसायच्या. सँड्रा मात्र प्रॉडक्शन मॅनेजरला मध्येच थांबवून 'डोन्ट इंटरप्ट मी' म्हणायची आणि तो मुकाट्याने 'सॉरी मॅम' म्हणायचा. हळूहळू मला सँड्रा आवडायला लागली होती, हे मी कोणाला सांगितलं नाही.

कारखाना औषधाच्या बाटल्यांची झाकणं बनवायचा. त्यांचा माल घेणाऱ्या परदेशी कंपनीने अट घातली की झाकणं तपासणाऱ्या प्रत्येकाला इंग्रजीत सूचना समजली पाहिजे आणि विचारलं तर दोन वाक्यांत उत्तर देता आलं पाहिजे. अट तपासणाऱ्यांसाठी होती. पण आपल्याकडे कुठलीही चांगली गोष्ट आली की ती आधी साहेब लोकांना मिळते, त्यामुळे मॅनेजरपासून सगळ्यांनी इंग्रजी शिकायचं ठरलं.

शिकवण्याआधी कोणाला किती येतं हे पाहावं म्हणून मी एक साधी चाचणी पाठवली. कारखान्याच्या एचआर ऑफिसर माधवी मॅडम बदलापूरहून यायच्या. त्यांचा मेल आला की चाचणीची गरज नाही, लेव्हल ठरवून झालेल्या आहेत. सोबत पगारपत्रक जोडलं होतं. वरच्या पगाराचे गोल्ड, सुपरवायझर सिल्व्हर, आणि कंत्राटी बायका ब्राँझ. इंग्रजीचं आणि पगाराचं नातं इतकं सोपं आहे हे मला एम.ए. करताना एकाही प्राध्यापकाने सांगितलं नव्हतं. मी परसूशेठकडे तक्रार केली. तो म्हणाला, "बरोबर तर आहे. जिसको जितना आता है उतनाही तो मिलता है."

गोल्डवाल्यांना एकमेकांसमोर चुकायची लाज वाटते, म्हणून त्यांना एकेकट्याचा तास. प्रत्येकाला स्वतःच्या केबिनमधून, आठवड्यातून दोनदा. प्रॉडक्शन मॅनेजरचा अर्धा तास 'कॅन यू हिअर मी?' विचारण्यात जायचा आणि उरलेला अर्धा तास, त्यांना खरं तर शिकायचं काही नाही, फक्त पॉलिश हवंय, हे मला पटवण्यात. सिल्व्हरमधले सुपरवायझर प्रत्येक वाक्याची सुरुवात 'बेसिकली' असं करायचे आणि तिथेच थांबायचे.

ब्राँझमध्ये बारा बायका. बारा जणींना मिळून एक कॉम्प्युटर, एक माइक, आणि तोही कँटीनच्या कोपऱ्यात, आणि वर देखरेखीला सिल्व्हरमधलाच एक सुपरवायझर. गंमत अशी की साऱ्या प्रकरणात काही पणाला लागलं असेल तर ते फक्त ह्या बारा जणींचं. कंपनी नवा तपासणी विभाग काढणार होती. त्यात बारापैकी सहा जणी कायम होणार, उरलेल्या सहा जणींचं कंत्राट दिवाळीला संपणार. सहा कोण हे माझ्या मार्कांवर ठरणार होतं. गोल्डवाले नापास झाले तरी त्यांना फक्त सर्टिफिकेट मिळणार नव्हतं.

मला हे कळलं तेव्हा मी जरा घाबरले आणि बरीचशी सुखावले. माझ्या कानाचा मला फार अभिमान होता. चेहरा दिसत नव्हता, कारण कारखान्यातला एकुलता एक वेबकॅम मोठ्या साहेबांच्या टेबलावर शोभेला ठेवलेला होता. पण नुसत्या आवाजावरून मी माणूस ओळखते, असं मी परसूशेठला छाती ठोकून सांगितलं होतं.

बारा जणींत एक विठा होती. यादीत तिच्यापुढे लिहिलं होतं, राहणार जांभूळ, कंत्राटी, अकरा वर्षं. तिला प्रश्न विचारला की माइकमधून फक्त बांगड्यांचा आवाज यायचा. मग सुपरवायझर खेकसायचा, "बोल ना गं विठा, तोंडात काय सुपारी धरलीय?" आणि अकरा जणी हसायच्या. त्यानंतर कुठूनतरी लांबून 'येस मॅडम' ऐकू यायचं. तुझं नाव काय, येस मॅडम. तू कुठे राहतेस, येस मॅडम. मी माझ्या वहीत तिच्या नावापुढे 'प्रगती नाही' असं तीन वेळा लिहिलं. तिसऱ्या वेळी खाली रेघ मारली.

आता माधवी मॅडमविषयी. गोल्डमध्ये त्यांचा तास मंगळवारी आणि गुरुवारी, तीन ते चार. फोनवर आमचं कधी बोलणं झालं नव्हतं, बाकी सगळं मेलवर. तासाला पहिले दोन आठवडे त्या 'येस, प्रेझेंट' म्हणून गप्प बसल्या. मी मनात म्हटलं, झालं, अजून एक पॉलिशवाली. तिसऱ्या आठवड्यात मी चिडून थेट प्रश्न विचारला. मग एक जाडसर, सावकाश आवाज आला आणि त्याने उत्तर दिलं. मोडकं होतं, पण स्वतःचं होतं. त्यानंतर ह्या बाई सुटल्याच. प्रश्न विचारायच्या, तेही असे की मला रात्री घरी येऊन पुस्तक उघडावं लागायचं. एकदा विचारलं, 'हाऊ आर यू' म्हटल्यावर खरं उत्तर ऐकायला कोणी थांबत नाही, मग विचारतात कशाला? मी म्हटलं, पद्धत आहे. त्या म्हणाल्या, मग आमच्याकडची पद्धत बरी, जेवलीस का विचारतात आणि नाही म्हटलं तर वाढतात.

गोल्डमधल्या सगळ्यांना मी एकदा 'माझा कामाचा दिवस' ह्यावर बोलायला सांगितलं. मॅनेजर म्हणाले, आय कोऑर्डिनेट ऑल अॅक्टिव्हिटीज. माधवी मॅडमनी झाकणांबद्दल सांगितलं. दिव्याखाली चार हजार पांढरी झाकणं येतात, त्यातला काळा ठिपका शोधायचा. जेवणानंतर एकाची दोन झाकणं दिसतात. मग मी एक मिनिट डोळे मिटते. सुपरवायझर म्हणतो, झोपली. मी झोपत नाही, आतल्या आत डोळे धुते.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. काय ही सहानुभूती! एसी केबिनमध्ये बसणारी ऑफिसर, पण बायकांचं दुःख किती जवळून पाहिलंय. मी ते मॅनेजरना कौतुकाने सांगितलं. ते म्हणाले, "व्हेरी नाइस. पण माधवी मॅडम लाइनवर कधी गेल्या?" मी मनात म्हटलं, जळतोय.

पुढच्या तासाला विषय होता, अधिकाऱ्याकडे तक्रार. माधवी मॅडमनी तक्रार केली ती एचआर ऑफिसरकडे, म्हणजे स्वतःकडेच. रिस्पेक्टेड मॅडम, लेडीज टॉयलेटची चावी तुमच्या ड्रॉवरमध्ये असते. तुम्ही मीटिंगला गेलात की चावीपण मीटिंगला जाते. मी हसून लोळायची बाकी होते. स्वतःवर इतका विनोद करू शकणारी बाई मी आयुष्यात पाहिली नव्हती. इतके अकलेचे तारे मी तोडत होते आणि परसूशेठला मात्र वाटायचं की मॅडम फार हुशार आहे.

परीक्षा शनिवारी ठेवली. तीन ते चार गोल्ड, चारपासून ब्राँझ. माधवी मॅडमना शंभरपैकी एक्क्याण्णव मिळाले, गोल्डमध्ये पहिल्या. ब्राँझच्या पन्नास मार्कांच्या परीक्षेला अकरा जणी आल्या आणि विठा आलीच नाही. तीन वेळा प्रगती नाही आणि वर गैरहजर. मी शून्य लिहिलं आणि मला जराही वाईट वाटलं नाही, हे इथे सांगून टाकते. उलट वाटलं, सुटली बिचारी. यादी नऊ दिवसांनी, सोमवारी बंद होणार होती.

मधल्या शुक्रवारी कारखान्याला सुट्टी होती. मला दुपारी तास नव्हता. परसूशेठ खाली जीन्सवाल्याशी जिन्यातल्या चपलांवरून भांडत होता आणि मी केबिनमध्ये डबा उघडून भाकरी आणि सुकटीची चटणी खात होते. प्लायवूडच्या दारावर टकटक झाली.

"एक्सक्यूज मी. आय वॉन्ट टू मीट मिस सँड्रा."

माझा कान, अखेर कान. वर बघायच्या आतच मी आवाज ओळखला. हात तसाच, चटणीचा, उभी राहिले आणि म्हणाले, "माधवी मॅडम! या ना, या, बसा."

दारात चाळिशीची, उन्हाने रापलेली एक बाई उभी होती. फुलाफुलांची साधी साडी, हातात कापडी पिशवी आणि आमच्या अकॅडमीचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी, पायात रबरी चपला. ती दचकली आणि गर्रकन मागे वळली.

"कुठं हायेत मॅडम?" तिने घाबरून विचारलं.

जिना रिकामा होता. आम्ही दोघींनी तो थोडा वेळ पाहिला.

"मी विठा वो," ती म्हणाली. "जांभूळची. सँड्रा मॅडम जेवाला गेल्यात का?"

मी खाली बसले. "सँड्रा मीच," मी म्हटलं.

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग डब्याकडे पाहिलं. सुकटीच्या वासात सँड्रा बसत नव्हती. "नाय वो," ती समजुतीच्या सुरात म्हणाली, जणू मीच चुकतेय. तेव्हा मी सँड्राच्या आवाजात दोन वाक्यं बोलून दाखवली. विठा मटकन स्टुलावर बसली.

"म्हंजे तुमीपन दुसरीच्या नावावर?"

आधी ती हसली, मग मी. माझं हसणं लवकर संपलं, कारण एक्क्याण्णव, शून्य, 'प्रगती नाही' आणि ती खालची रेघ, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. इतकी लाज मला उच्चारांवरून हसणाऱ्या मुलींसमोरही वाटली नव्हती.

मी विचारत गेले आणि ती सांगत गेली. हेड ऑफिसने ऑफिसर लोकांना हजेरी सक्तीची केली होती. माधवी मॅडमना वेळ नव्हता, आणि इंग्रजी आपल्याला येतंच असं त्यांचं मत होतं. त्यांनी विठाला बोलावून सांगितलं, माझ्या खुर्चीत बस, नाव पुकारलं की येस प्रेझेंट म्हण आणि तास संपेपर्यंत कशाला हात लावू नकोस.

"मग तुमी इचाराला लागल्या," विठा म्हणाली. "मना वाटला, गप बसले तर मॅडमचा नाव खराब व्हईल. पोरीचा नववीचा पुस्तक घेतला, बसच्या थांब्यावर वाचाची."

"आणि ब्राँझमध्ये? तिथे तोंडातून शब्द का नाही निघायचा तुमच्या, विठाताई?"

"तिथं तो सुपरवायझर उभा. मी चुकले की अख्खी लाइन हसते, न दुसरे दिवशीपन हसते. केबिनमधी चुकले तर चूक माधवी मॅडमची. म्हून तिथं चुकाला भ्याव नाय वाटाचा."

मी चार पुस्तकं वाचून, परीक्षा देऊन जे शिकवायला बसले होते, ते ह्या बाईने एका वाक्यात मला शिकवलं. परीक्षेचं तर फारच सोपं होतं. तीन ते चार तिने माधवी मॅडमची परीक्षा दिली. चार वाजता कँटीनकडे निघाली, तर सुपरवायझरने अडवलं. एक तास लाइन सोडून होतीस, आता परत कुठे? म्हणून विठा स्वतःच्या परीक्षेला गैरहजर.

माझं डोकं तापलं. म्हटलं, आत्ताच्या आत्ता हेड ऑफिसला मेल करते, त्या बाईची खुर्चीच काढून घेते. विठाने माझा चटणीचा हात धरला.

"तुमी चिडाल न घरी जाल, मॅडम. मना रोज तिथंच जाचा हाय. मना फक्त परीक्षा द्याची. माझ्या नावानी. अकरा वर्सा झाली, आता दिवाळीला काढला तर ह्या वयात कोन ठेवील?"

ती गेल्यावर मी कंपनीचा फॉर्म शोधून काढला. खाली बारीक अक्षरात होतं की यादी बंद होण्याआधी गैरहजर उमेदवाराची परीक्षा पुन्हा घेता येईल, मात्र एचआर ऑफिसरच्या समक्ष आणि त्यांच्या सहीने. म्हणजे विठाने बोलायचं ते माधवी मॅडमच्या शेजारी बसून. नियम करणाऱ्याची कल्पनाशक्ती अफाट होती.

परसूशेठ हात जोडायला लागला. "मॅडम, आपला क्लायंट आहे. काय को लफडा? एचआर मॅडम नाराज झाली तर मी काय, खाली जाऊन बटणं लावू?" शनिवारी कारखाना उघडल्याबरोबर मी सँड्राच्या नावाने मेल टाकलाच. तासाभरात होकार आला. तो यायलाच हवा होता. नाही म्हटलं असतं तर विठा गैरहजर का होती, ह्याचं कारण माधवी मॅडमना हेड ऑफिसला लिहून द्यावं लागलं असतं.

सोमवारी दुपारी एक वाजता आम्ही जोडले गेलो. एचआरच्या केबिनमध्ये हेडफोन काढून स्पीकर लावला होता. इकडे परसूशेठ दुसरा हेडफोन लावून, देवाचं नाव घेत माझ्या शेजारी बसला. मी ब्राँझच्या यादीतला पहिलाच प्रश्न विचारला, टेल मी अबाउट युअर डे.

बांगड्या वाजल्या. "मायसेल्फ विठा..." आणि पुढे काही नाही. खालच्या मशिनी घरघरत होत्या. मी पुन्हा विचारलं. पुन्हा "मायसेल्फ विठा", पुन्हा तेच. मग एक पातळ, घाईचा आवाज मराठीत म्हणाला, "मी म्हटलं होतं ना, हिला नाही जमणार. उगाच सगळ्यांचा टाइम."

हा माधवी मॅडमचा आवाज. दोन महिने मी ह्या बाईंना शिकवत होते आणि आज पहिल्यांदा त्यांना ऐकत होते.

मला कळत होतं की पलीकडे काय चाललंय. त्या खुर्चीत बसून घडाघडा बोलणारी बाई आज शेजारच्या स्टुलावर होती आणि खुर्चीची मालकीण खुर्चीत. विठाला फक्त स्वतःचं नाव वापरायचं होतं, आणि तेच जड जात होतं. मला तरी कुठे हलकं होतं? मी माइक तोंडाजवळ ओढला.

"माय नेम इज यशोधरा," मी म्हटलं. "आय लिव्ह इन बुवापाडा, अंबरनाथ. आय टीच इंग्लिश. नाउ यू टेल मी."

परसूशेठने कपाळावर हात मारला. त्या तीन वाक्यांनी माझी कॅम्प एकमधली नोकरी गेली, ती प्रत्यक्षात महिनाअखेरीला गेली एवढंच.

पलीकडे स्टूल पुढे सरकलं. मग तोच जाडसर, सावकाश आवाज आला, मी एक्क्याण्णव मार्क दिलेला.

"माय नेम इज विठा. आय लिव्ह इन जांभूळ. आय चेक कॅप्स."

पुढचं तिने सगळं इंग्रजीत सांगितलं. सकाळी सातला लाइनवर येते. तीन वाजेपर्यंत झाकणं बघते. मंगळवारी आणि गुरुवारी तीन वाजता ह्या केबिनमध्ये येते. मॅडम बाहेर जातात. मी मॅडमच्या खुर्चीत बसते. टीचर विचारते, माधवी, हाऊ आर यू, मी सांगते, फाइन. चार वाजता मी हेडफोन स्पिरिटने पुसून ठेवते, कारण मॅडमना तो नंतर गाणी ऐकायला लागतो. मग लाइनवर जाते. सुपरवायझर विचारतो, कुठे होतीस?

"आय टेल हिम," विठा म्हणाली, "आय वॉज मॅडम."

परसूशेठचं देवाचं नाव मध्येच थांबलं. मॅडमचं नाव काढू नका म्हणून माझा हात धरणारी ही बाई, मॅडमच्या शेजारी बसून सारं बोलून मोकळी झाली होती. माधवी मॅडमना ते समजलं नसेल असं मानायचं कारण नव्हतं. बी.कॉम. झालेल्या होत्या, समजायचं त्यांना सगळं. आता त्या सही करणार नाहीत, मशीन बंद पडलं म्हणतील, उद्या बघू म्हणतील, आणि उद्या यादी बंद झालेली असेल. अशा वेळी माणूस खरं बोलून काही साधत नाही, म्हणून मी खोटं बोलले.

"माधवी मॅडम," मी इंग्रजीत, अतिशय गोड आवाजात म्हटलं, "तुम्ही परीक्षेला साक्षीदार आहात, शिवाय आमच्या गोल्डमध्ये पहिल्या. उमेदवाराने सांगितलेली माहिती बरोबर आहे की चूक, तेवढं सांगाल का? मार्क द्यायचे आहेत. चूक असेल तर हरकत नाही, गोल्डचे सगळे तास आम्ही रेकॉर्ड केलेले आहेत, आवाज जुळवून बघण्यासाठी हेड ऑफिसला पाठवता येतील."

परसूशेठने माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं. त्याच्या कॉम्प्युटरमध्ये चार सिंधी भजनांनंतर पाचव्यालासुद्धा जागा नव्हती.

पलीकडे खुर्ची करकरली. कोणीतरी पाणी प्यायलं. मी घड्याळ बघितलं नाही, पण खालच्या मशिनींवर एक अख्खी पँट शिवून झाली असेल.

"करेक्ट," माधवी मॅडम म्हणाल्या.

उच्चार स्वच्छ होता. गोल्ड लेव्हलच्या त्यांच्या सबंध अभ्यासक्रमात त्यांनी स्वतःच्या तोंडाने दिलेलं ते एकमेव उत्तर, आणि तेही अगदी बरोबर. मी विठाच्या कागदावर पन्नासपैकी सत्तेचाळीस लिहिले, म्हणजे पहिल्या सहांत नक्की, आणि फॉर्म पाठवून दिला. पलीकडे प्रिंटर खरखरला. कागद ओढल्याचा आवाज आला, मग खुर्ची जोरात मागे सरकली आणि दार आपटलं.

"विठाताई?" मी मराठीत हाक मारली. "आहात ना? सही झाली का?"

ती काहीतरी वाचत होती, अक्षराअक्षरावर थांबून, ओठांतल्या ओठांत.

"झाली, मॅडम," ती म्हणाली. "वर नाव वाचून बघितला. माझाच हाय."